थांबणारा माग

घडी घालता घालता काकूंचा हात थांबला. त्यांनी चादर पुन्हा पसरली, दाराच्या उजेडात धरली आणि हाक मारली, "मालक, हा मोर असा का दिसालाय बघा की."

मोर तसा देखणा होता. पिसारा भरदार, तुरा जागच्या जागी. फक्त गळ्याच्या वळणावर, निळा रंग हिरव्यात मिसळतो तिथं, पांढऱ्या धाग्यांची बोटभर रेघ उमटली होती. कुणी सुरी फिरवावी तशी. अप्पांनी खालची चादर ओढली. तिथंही तेच. त्याच्या खालची, तिच्याही खालची. गठ्ठ्यातल्या चाळीस चादरी उलगडून झाल्या, आणि चाळीसही मोरांचे गळे एकाच जागी कापलेले निघाले.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये आठ माग होते आणि ही ऑर्डर दोन मागांवर चालू होती. मे महिन्याची दुपार. पत्र्याखाली उभं राहिलं की डोकं भणभणायचं. उभे धागे कोरडे पडून तुटू नयेत म्हणून जमिनीवर सारखं पाणी मारावं लागत होतं. अप्पांनी दोन्ही माग बंद केले आणि वर हाक दिली, "विनू, खाली ये."

विनू वरच्या खोलीत डिझाइन काढायचा. शेडमधल्या आणि आजूबाजूच्या चार कारखान्यांच्या चादरींची नक्षी त्याच्या कॉम्प्युटरवर तयार व्हायची. कोणत्या फेऱ्याला कोणता धागा वर उचलायचा याची फाइल बनायची, त्या फाइलवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि ती कार्डांची माळ जॅकार्डवर चढायची. एका फेऱ्याला एक कार्ड. भोक असेल तर हूक धागा उचलणार, नसेल तर धागा खालीच राहणार. जोसेफ मारी जाकार या फ्रेंच माणसाने 1804च्या सुमारास बसवलेली ही युक्ती. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात भोकांची कार्डं घेतली ती तिथूनच. विनूला ही गोष्ट फार आवडायची. "तात्या, कॉम्प्युटर हा मागाचा नातू आहे," असं तो आजोबांना सांगायचा. तात्या सुपारी कातरत म्हणायचे, "मग आजोबाचं ऐकत जा म्हणावं त्याला."

तात्यांनी एका गिरणीत जॉबर म्हणून उमेदीची वर्षं घालवली होती. गिरणी बंद पडली, पण कानातला मागांचा ठोका गेला नाही. दुपारच्या झोपेत असले तरी एखादा माग बिघडला की ते उठून बसत. आताही ते खाली आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोराच्या गळ्यावर बोट फिरवून म्हणाले, "हूक अडकालाय. दुसरं काय."

दोन तास त्यांनी आणि कारागिराने पहिल्या मागाचा जॅकार्ड उघडून हूक, सुया, दोऱ्या तपासल्या. सगळं ठीक होतं. तात्या चिडले, शेवटी खाली बसले, आणि मग त्यांचं लक्ष दुसऱ्या मागावरच्या कापडाकडे गेलं. तिथंही तीच रेघ, त्याच धाग्यांवर, त्याच फेऱ्यांना.

"मीच गाढव," ते म्हणाले. "एका मागावर असतं तर हुकाचा दोष. दोन मागांचे दोन हूक एकाच जागी अडकत नसतात. दोष मागात नाही. कार्डातच आहे."

कार्डं तपासली, तर ती फाइलबरहुकूम होती. फाइल पडद्यावर उघडली, तर मोराचा गळा फाइलमध्येच कापलेला. आणि विनूने स्वतः काढलेलं मूळ चित्र? ते निर्दोष होतं. म्हणजे चित्राची विणकामाची फाइल होताना, कॉम्प्युटरच्या आत कुठंतरी, मोराचा गळा कापला गेला होता.

विनूच्या पोटात खड्डा पडला. चूक कुठं असेल हे त्याला कळलं होतं, पण कबूल करवत नव्हतं.

त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: 5.0.

ही चिठ्ठी जानेवारीतली. पुण्याला निघालेल्या एका मित्राकडून त्याने जुना कॉम्प्युटर घेतला होता. आत इंटेलचा कोअर आय-5 8600के, सहा गाभ्यांचा प्रोसेसर. कंपनीने दिलेला मूळ वेग 3.6 गिगाहर्ट्‌झ, गरजेला स्वतःहून 4.3पर्यंत चढणारा. नावातल्या 'के'चा अर्थ, याचं कुलूप उघडं आहे. शंभर मेगाहर्ट्‌झच्या ठोक्याला किती पटीने गुणायचं तो आकडा आपल्याला बदलता येतो. 43च्या जागी 45 लिहा, की 4.5. एक पैसा न घालता वेग वाढतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते हेच.

ते सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते. होम मैदानावर गड्डा भरलेला, रात्री अंगावर चादर घ्यावी अशी थंडी. मित्र पाळण्यात बसून ओरडत होते आणि विनू खोलीत बसून आकडे चढवत होता. 45 सहज चालला, 1.20 व्होल्टवर. 48ला थोडं व्होल्टेज वाढवावं लागलं. 50ला निळी स्क्रीन आली. व्होल्टेज 1.35 केलं आणि यंत्र उभं राहिलं. रात्री दोन वाजता त्याने तासभर प्राइम 95 चालवून ताण दिला. खोलीत एकवीस अंश, प्रोसेसर शहात्तर अंशांवर स्थिर. त्याने लाल पेन उचललं आणि चिठ्ठी लिहिली.

मार्चमध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर मधूनच बंद पडू लागलं. विनूने ऑपरेटिंग सिस्टिमला शिव्या दिल्या. एप्रिलमध्ये कॉम्प्युटर दोनदा आपोआप रिस्टार्ट झाला. विनूने विजेला दोष दिला. मग एका रविवारी त्याने सगळंच बदलून टाकलं. नवी रॅम घातली, सिस्टिम पुन्हा टाकली, केबल बदलल्या, ड्रायव्हर नवे केले. कॉम्प्युटर पुढे आठवडाभर एकदाही अडला नाही. त्याला वाटलं, रॅमच खराब होती. त्या आठवड्यात वळवाचे दोन पाऊस पडून हवा गार झाली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पाच गोष्टी एकदम बदलल्या, सहावी आभाळाने बदलली, आणि श्रेय गेलं रॅमला.

मे महिन्यात मोराची ऑर्डर आली. भर दुपारी विनूने फाइल तयार केली. यंत्र अडलं नाही, रिस्टार्ट झालं नाही, सॉफ्टवेअरही बंद पडलं नाही. अठरा मिनिटांत काम संपलं. विनू खूश झाला. कार्डं मूळ नक्षीशी ताडून बघायची रीत होती, ती त्याने सोडून दिली.

"सांग आता," तात्या वरच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. "तेच काम परत कर. माझ्यासमोर."

विनूने तेच चित्र, तीच आज्ञा, तीनदा चालवली. तिन्ही फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, काढला. पहिला आणि तिसरा सारखे. दुसरा वेगळा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. पंखा तेवढा घोंघावत होता.

"एकच कापड तीनदा मोजलं आणि मापं दोन आली," तात्या म्हणाले, "तर कापडाला विचारायचं का मोजणाऱ्याला?"

विनूने मान खाली घातली आणि चिठ्ठीची सगळी गोष्ट सांगितली. तात्यांना गिगाहर्ट्‌झ कळत नव्हता. पण "वेग वाढवला" हे कळलं, आणि ते पुढे सरकले.

"म्हणजे पुली बदललास."

"पुली?"

"मोटरची पुली मोठी बसवली की माग जोरात पळतो. मीही केलं होतं, तुझ्याएवढा असताना." तात्यांनी सुपारी खाली ठेवली. "बघ, मागाचं काय असतं? उभ्या धाग्यांचा जबडा उघडतो, धोटा आरपार जातो, पलीकडच्या पेटीत बसतो, जबडा मिटतो. सगळं वेळेवर. वेग वाढवला की जबडा लवकर मिटतो. धोट्याला पोचायला वेळ कमी. तुझ्या डब्यात असलं काही असतं का?"

विनू चमकला. कॉलेजात शिकलेलं त्याला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. प्रोसेसरमध्ये अगदी हेच तर घडतं. प्रत्येक ठोक्याला विजेचा संकेत एका टोकाहून निघतो, वाटेतली दारं ओलांडतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्याला मुक्कामी पोचावं लागतं. 5 गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. दोन ठोक्यांमध्ये सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही पाचवा हिस्सा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटरच जातो. संकेत उशिरा पोचला तर यंत्र वाट बघत नाही. जे हाती असेल तेच खरं धरून पुढं जातं. एकाच्या जागी शून्य.

"धोटा लवकर पोचावा म्हणून जोरात ठोकायचं," तात्या म्हणाले. "त्याने काय होतं?"

"तेच मी केलं. व्होल्टेज वाढवलं."

"मग गरम झालं असेल."

झालंच होतं. विनूने कागदावर हिशेब मांडला. प्रोसेसरमध्ये जळणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 4.5वरून 5.0ला वेग वाढला अकरा टक्के. 1.20वरून 1.35 व्होल्टला उष्णता वाढली ती वेगासकट चाळीस टक्के. आणि प्रोसेसर तापला की आतले संकेत आणखी संथ होतात. जानेवारीत एकवीस अंशांच्या खोलीत शहात्तर होते. आता खोलीतच चाळीस. ते एकोणीस अंश सरळ वर चढतात. पंचाण्णव. शंभराला हा प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःहून वेग कमी करतो. त्याच्या अलीकडे, पंचाण्णववर, तो थांबत नव्हता. पूर्ण वेगाने पळत होता आणि अधूनमधून चुकत होता.

"थांबला असता तर बरं झालं असतं," विनू पुटपुटला.

तात्या जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते अप्पांनाही ठाऊक नव्हतं.

"मी पुली बदलली तेव्हा आडवा धागा सारखा तुटायला लागला. मागाला एक काटा असतो. आडवा धागा तुटला की तो काटा माग बंद करतो. माझा माग तासाला दहादा बंद. जास्त कापड काढायला वेग वाढवला आणि निघालं कमी. मला राग आला काट्याचा. मी काय केलं? तारेनं बांधून टाकला त्याला. मग माग थांबेना. आख्खी पाळी पळाला. मी बिडी ओढत उभा, शेजारच्यांना दाखवतोय, बघा कसा पळालाय माझा माग. सकाळी मास्तरांनी कापड उजेडात धरलं. हातभर अंतरावर फटी. धागा तुटला होता आणि माग नुसताच चालत राहिला होता. काट्यानं दहादा सांगितलं होतं, मी तोंड बांधलं त्याचं. ते सगळं कापड पगारातून भरून दिलं. तुझी आजी दोन वर्षं त्याचीच पोतेरी वापरत होती."

विनूला एकदम काहीतरी आठवलं. कॉम्प्युटर आपल्या चुकांची एक वही ठेवतो, इव्हेंट व्ह्यूअर नावाची. ती त्याने आजवर उघडली नव्हती. आता उघडली. रॅम बदलली त्या रविवारपासूनच्या ओळीच्या ओळी होत्या. हार्डवेअरची चूक आढळली, दुरुस्त केली. हार्डवेअरची चूक आढळली, दुरुस्त केली. वळवाच्या आठवड्यात ओळी विरळ होत्या. उन्हं परत तापली तशा दाट होत गेल्या होत्या.

काटा रोज सांगत होता. तारेने बांधायचीही गरज पडली नव्हती, त्याने ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी एक शंभरपानी वही विकत आणली आणि कायदा घातला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललेलं लिहायचं, मगच पुढं जायचं. आणि परीक्षा घ्यायची ती दुपारी तीनला, दार लावून, शेडचे सगळे माग चालू असताना. "थंडीत रात्री दोनला कुणाचाही माग पळतो," ते म्हणाले.

सुरुवात कंपनीच्या आकड्यांपासून झाली. विनूने बायोसमधलं, म्हणजे वेग आणि व्होल्टेज बदलायच्या पडद्यावरचं, सगळं मूळ जागी नेलं. रॅमचा वाढीव वेगही काढला, कारण रॅमची चूक आणि प्रोसेसरची चूक वरून सारखीच दिसते. मोराची फाइल वीस वेळा बनवली. विसाच्या वीस ठसे एकच. म्हणजे प्रोसेसर जळला नव्हता, रॅमही नेक होती. दोष फक्त त्या लाल आकड्याचा.

मग डबा उघडला. खाली शेड, वर खोली. प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांमध्ये सुताचा तूस साचून त्याचं जाड नमद्यासारखं कापड झालं होतं. तात्यांनी ते चिमटीत धरून सोलून काढलं. "तू चादरी विणालास खाली, हा विणालाय वर." प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली. त्याच वेगावर, त्याच दुपारी तापमान नऊ अंशांनी उतरलं. वहीत लिहिलं. रॅमचा वेग परत वाढवला, रात्रभर रॅमची तपासणी चालवली, चूक नाही. वहीत लिहिलं.

मग एकेक पायरी. 44, स्वच्छ. 45, स्वच्छ. 46ला यंत्र अडलं नाही, निळी स्क्रीन नाही, विसाच्या वीस ठसे जुळले. जानेवारीतल्या विनूने पुढे उडी मारली असती. या विनूने चुकांची वही उघडली. दोन तासांत एक ओळ. हार्डवेअरची चूक आढळली, दुरुस्त केली.

"म्हणजे सीमा सेहेचाळीस," विनू म्हणाला. "पंचेचाळीसवर ठेवतो."

"काटा सेहेचाळीसला बोलला," तात्या म्हणाले. "आणि यंदापेक्षा कडक मे आला तर?"

विनूने 44 लिहिलं. काम संपायला आता साडेवीस मिनिटं लागत होती. पाचच्या वेगापेक्षा अडीच मिनिटं जास्त. त्याने वहीच्या समासात बारीक अक्षरात गणित मांडलं: अडीच मिनिटं, भागिले चाळीस चादरी. आणि उत्तर न काढताच पान उलटलं.

नवी फाइल बनली. कार्डं पडली. या वेळी विनू आणि तात्या जमिनीवर बसून एकेक कार्ड नक्षीशी ताडत होते. काम संपायला संध्याकाळ झाली. ऑर्डर चार दिवस उशिरा गेली. गिऱ्हाइकाने कुरकूर केली आणि माल उचलला. गळा कापलेल्या चादरी सेकंड म्हणून कमी भावात गेल्या. एक तेवढी तात्यांनी ठेवून घेतली.

वर्ष फिरलं. पुन्हा जानेवारी, पुन्हा गड्डा. खिडकीतून पाळण्यांचे दिवे दिसत होते. रात्रीचे दोन वाजले होते, खोलीत गारवा होता, आणि पडद्यावर प्रोसेसरचं तापमान इतकं खाली होतं की विनूचे हात शिवशिवले. तो बायोसमध्ये गेला. 44वर बोट ठेवलं.

कोपऱ्यातल्या खाटेवर तात्या झोपले होते. हल्ली त्यांना जिना चढून आलं की उतरवत नसे, मग ते इथंच झोपत. अंगावर ती चादर होती. श्वासाबरोबर मोर वरखाली होत होता आणि त्याच्या गळ्यावरची पांढरी रेघ पडद्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होती.

विनूने आकडा न बदलता बायोस बंद केला. वही काढली, तारीख घातली आणि खाली एकच ओळ लिहिली.

"46 वापरून बघावं वाटतंय. मे महिन्यात, दुपारी तीनला बघू."

तात्पर्य : बंद पडणारं यंत्र आपलं कामच खोळंबवतं, चुकत चालणारं यंत्र आपली पत घालवतं. म्हणून सीमा शोधायची ती यंत्र कुठं थांबतं तिथं नव्हे, कुठं पहिल्यांदा कुरकुरतं तिथं. आणि ती कुरकूर ऐकायची तर आपल्या सोयीच्या वेळी नाही, त्याच्या अडचणीच्या वेळी.